कोरडा कूलर

२१ मार्च २००४, रविवार

त्या दुकानदाराले मी दिसतच नव्हती का! कम्प्युटरचे भाग घ्यायले नागपुरात सीताबर्डीवर अख्खा दिवस फिरलो मी अन् दादा. काय काय घ्यायचं ते सगळं माया, या रिनाच्या, डोक्यात. तीन महिने सायबर कॅफेतून पानं छापून आणून मी वाचली, दादानं एकबी उलटून पाह्यलं नाई. अन् मी विचारते — "रॅम चारशेची आहे का?" तं तो दादाकडे पाहून सांगते — "हाँ भैया, चार सौ की है." मी म्हणते — असा मदरबोर्ड दाखवा, ज्याच्यात स्पीड आपल्या हातानं वाढवता येते. तो दादाले म्हणते — "भैया, गेम खेलना है न? तो महंगा प्रोसेसर लो. स्पीड-वीड बढ़ाने के चक्कर में मत पड़ो." अन् आमचे दादासाहेब मान हलवून राह्यले! त्याले बोर्ड कशाशी खातात ते माहीत नाई.

शेवटी काउंटरवरचा प्रोसेसरचा डबा मीच उचलला. म्हटलं, हाच पायजे, स्वस्तवाला, अन् संग हा बोर्ड. दुसरं काई दाखवू नका. तवा कुठी त्यानं मायाकडे पाह्यलं. बिलावर नाव मात्र दादाचंच — प्रफुल. बाबांनी पैसे त्याच्या हातात दिले होते न!

येताना बसमधे कॅबिनेट मांडीवर घेऊन मी बसली. नागभीडले चढलेल्या एका बाईचं गठुडं माया पायावर. ब्रह्मपुरी येईपर्यंत पाय सुन्न. दादा खिडकीपाशी घोरून राह्यला.

२५ मार्च

जोडला! प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा मीच बसवला. त्याची क्लिप अशी कडक, की स्क्रूड्रायव्हर सटकला तं खालचा बोर्ड गेला समजा. नाई सटकला. दादा बाजूले उभा राहून "जपून, जपून" करत होता. तेवढंच त्याचं काम.

बटन दाबायची वेळ आली तं आई म्हणे — "थांब, प्रफुलले दाबू दे. मोठा आहे." त्यानं बाबासाहेबांच्या फोटोले हात जोडले, बटन दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. घरभर टाळ्या! बाबा म्हणाले — "शाब्बास रे प्रफुल!"

मी तिथंच खाली बसली होती. बोटं पंख्याखाली लावायच्या पेस्टनं भरलेली.

२ एप्रिल

आज स्पीड वाढवली. हा प्रोसेसर बाहेरून १६६ च्या चालीनं चालते अन् आत त्याची अकरा पट होते. मी सेटिंगमधे जाऊन १६६ चे हळूहळू २०० केले. एकदम नाई! थोडं थोडं चढवलं, दर वेळी कार रेसचा गेम लावून पाह्यलं, अडकते का, तापते का. नाई अडकला! अठराशेवाला बावीसशेनं धावून राह्यला. दुकानातला सगळ्यात महागाचा जो होता, त्याच्या बरोबरीनं. अन् हा स्वस्तातला!

गेम आता असा पळते की बापा! आधी वळणावर चित्र तुटायचं, आता रस्त्याच्या बाजूची गवताची पातीबी वेगळी दिसते. मी एकटीच हसत बसली होती. किती दिवसांनी अशी खुश होती मी.

दादा बाहेरून आला. मायाच खुर्चीवर बसला अन् म्हणे — "मस्त चालून राह्यलं न मायं मशीन!"

मायं मशीन!

६ एप्रिल

अडकते. रोज सकाळी गेम चालू असताना गाडी जागच्या जागी थिजते. दादा म्हणे — "तूच काईतरी करून ठेवलं. पह्यलेसारखं कर." मी म्हटलं, तुले पह्यलेसारखं म्हणजे कसं तेबी माहीत आहे का?

दोन दिवस कान लावून बसली. घरामागची राईस मिल सुरू झाली की दिवा मिणमिणते, अन् त्याच वक्ताले मशीन अडकते. व्होल्टेज पडते! स्पीडचा काईच दोष नाई. टीव्हीचा स्टॅबिलायझर काढला अन् मशीनले लावला. चालू आहे. बाबा ओरडून राह्यले बातम्यांसाठी. ओरडू दे.

११ एप्रिल, रविवार

उन्हाळा असा, की खाटेच्या लोखंडी पट्टीले हात लावला तं चटका बसते. दुपारी मशीन आतून तापून राह्यलं. मी बाजूचं झाकण काढलं अन् कूलरसमोर ठेवलं. पण कूलरची पाणी चढवणारी मोटर बंद! नुसता पंखा. मोटर चालू ठेवली तं वाळ्याच्या ओल्या ताट्याईतून हवेसंग बारीक शिंतोडे येतात. ते उघड्या बोर्डावर पडले तं खेळ खलास. एवढी साधी गोष्ट.

दादाले सांगतली. त्याचं ध्यान रेडिओवरच्या क्रिकेटमधे. म्हणे — "हाओ, हाओ."

आई वैतागली — "अवो पोट्टी, बिनपाण्याचा कूलर कोणी चालवते का? भट्टीची हवा फेकून राह्यला!" बाबांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला. शेजाऱ्याईले कौतुकानं सांगून राह्यले — "आमची रिना पाणी वाचवते. नळ दिवसाआड येते न!" आता वार्डभर मी पाणी वाचवणारी. अरे, मी बोर्ड वाचवून राह्यली! पण या घरात मी काय करते ते मले सोडून सगळ्याईले माहीत आहे.

१४ एप्रिल, जयंती

जेवली नाई.

सकाळी रॅलीत नाचून नाचून पाय दुखले, मस्त वाटलं होतं. संध्याकाळी मंडपात कार्यक्रम. पाहुणे तासभर बोलले — मुलीले शिकवा, मुलगी शिकली तं घर शिकलं. टाळ्या. मीबी वाजवल्या, मनापासून. मंग माईकवर पुकारलं — "आपल्या वार्डातला हुशार तरुण, ज्यानं स्वतःच्या हातानं घरी कम्प्युटर बनवला..."

अन् दादा उठला! मले वाटलं, जाऊन सांगेल. एक वाक्य तं बोलेल! हार घातला, पुस्तक दिलं, फोटो काढला. खाली उतरताना एक डाव मायाकडे पाह्यलं अन् नजर फिरवली. आयत्या बिळावर नागोबा!

बाजूले रीता होती, माया वर्गातली. तिनं मायं मनगट धरून ठेवलं, नाईतं मी तिथंच उठून बोलली असती. काऊन धरलं तिनं? आता रीताचाबी राग येऊन राह्यला.

१९ एप्रिल

खुशालभाऊ आले होते. चौकात त्याईचं एसटीडीचं दुकान आहे, तिथी आता गेम झोन टाकून राह्यले. दहा मशिनी. जोडायले अन् सांभाळायले माणूस पायजे, कायमचा. दादाले म्हणाले — "तुयं मशीन एक दिवस दुकानात आण. पोट्ट्याईसमोर चालवून दाखव. जमलं तं काम तुयं."

मले पाणी आणायले सांगतलं. आणलं. ग्लास ठेवता ठेवता सरळ म्हटलं — "मशीन मी बनवलं, भाऊ."

हसले ते. "हाओ, बहिणीची मदत तं पायजेच." दादाबी हसला! बाबा खाली पाहून चहा पीत बसले.

मले ते काम पायजे. पायजे म्हणजे पायजेच! बीएस्सी झाली की बाबा स्थळं पाहतील, एक बोलणं तं आत्ताच सुरू आहे. हातात काम असलं तं मी "थांबा" म्हणू शकते. बिनकामाची पोट्टी कशाच्या भरवशावर म्हणेल? दादाले तं त्या कामात गोडीबी नाई. त्याले गेम खेळायले भेटतील म्हणून पायजे.

२० एप्रिल

आईले सांगून पाह्यलं. आई भाजी निवडता निवडता म्हणे — "भावाचं नाव झालं तं तुयं काय गेलं? तू तं जाशील आपल्या घरी."

आपल्या घरी! मंग हे कोणाचं आहे?

मी रडली. रागानं रडली, तिले वाटलं दुःखानं. डोक्यावरून हात फिरवला तिनं. तेबी नको होतं मले.

२८ एप्रिल

दादानं खुशालभाऊले ४ तारीख देऊन टाकली. त्याच दिवशी माया इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर! म्हटलं, तारीख बदल. नाई म्हणे, पोट्ट्याईले सांगून झालं. म्हटलं, बरं, मी दोन वाजता सुटते. तोवर मशीनले हात लावू नको. मी लावून देते, मंग तू चालव, तूच मिरव.

"हाओ, हाओ."

त्याचा तो हाओ!

१ मे

मशीन आतून पुसलं. पंख्यातली धूळ काढली. कोणासाठी पुसून राह्यली मी?

४ मे, मंगळवार

जाळलं. जाळून टाकलं मायं मशीन!

पेपर देऊन तशीच धावत चौकात गेली. शटरसमोर पोट्टे गोळा झालेले, अन् जळका वास. कॅबिनेट टेबलावर, झाकण उघडं, अन् त्याच्या नाकासमोर खुशालभाऊचा हा मोठा कूलर! मोटर चालू. ताट्या नव्या कोऱ्या, गच्च ओल्या. आत बोर्डावर पाण्याचे थेंब. डोळ्यानं दिसून राह्यले होते थेंब!

मंग एकेकानं सांगतलं. गर्दी झाली तं दादाले दम निघाला नाई, दोन वाजायच्या आधीच चालू केलं. म्हणे, घरी रिना कूलरसमोरच ठेवते, तुमीबी लावा समोर. खुशालभाऊनं कूलर लावला अन् त्याच्या टाकीत थंड पाण्याच्या दोन बादल्या टाकल्या. म्हणे, दुकानात आलेल्या पाहुण्याले कोणी कोरडी हवा देते का! थोडा वेळ मशीन असं पळालं म्हणे, की पोट्टे ओरडून नाचले. मंग चट्ट आवाज, धूर, काळा पडदा.

अन् दादा? एवढ्या लोकाईसमोर मायाकडे बोट केलं — "मले काय माहीत! हिनंच जोडलं सगळं. हिनंच स्पीड वाढवून ठेवली. मी तं म्हटलं होतं, नको वाढवू!"

चाललं तवा प्रफुलचं. जळलं तवा रिनाचं. हेच वाक्य जयंतीच्या माईकवर बोलला असता तं तोंड झिजलं असतं का रे तुयं?

मी पह्यले मशीनची पिन काढली. मंग कूलर बंद केला. बोर्ड खोलून उलटा धरला, पाणी खाली गळलं. खुशालभाऊ बाजूले उभे राहून पाहत होते. विचारलं — "स्पीडनं जळलं का?" मी म्हटलं — "नाई. मोटरनं. घरी मी मोटर बंद ठेवते." कॅबिनेट उचललं अन् उन्हातून पायीच घरी आली. दादा मागं मागं. धरू का म्हणे. म्हटलं, हात तं लावून पाह!

५ मे

नाचता येईना, अंगण वाकडं. दादा घरी सांगून राह्यला, खुशालभाऊचा कूलरच खराब होता.

बाबा समजवायले आले. म्हणाले — "जाऊ दे. पोरीच्या हातचं होतं, किती टिकणार!"

मी म्हटलं — "बाबा, पोरीच्या हातचं होतं न? मंग जयंतीतलं ते पुस्तक मले आणून द्या."

बाबा चप्पल घालून बाहेर गेले. एवढ्या मोठ्यानं मी बाबांशी आयुष्यात बोलली नव्हती. पण बरं वाटलं. खोटं काऊन लिहू?

६ मे

बोर्ड गेला. प्रोसेसर वाचला असेल तं असेल. पाहायले दुसरा बोर्ड कुठी आहे?

७ मे

दादा ते पुस्तक माया खाटेवर ठेवून गेला. मी पुस्तकाले हात लावला नाई. तिथंच पडलं आहे.

९ मे, रविवार

खुशालभाऊ घरी आले. दादा लगबगीनं उठला तं म्हणाले — "तू बस रे. मले रिनाशी काम आहे." नवा बोर्ड माया हातात दिला. "तुयं जळलेलं भरून देऊन राह्यलो. अन् मशिनी परवा येतात, दहाच्या दहा. काम तुयं. कूलर कुठी ठेवू, तेवढं सांग."

मी म्हटलं — "पह्यले त्याची मोटर काढा."

पाणी दादानं आणलं.