मागच्या खोलीची मातीची जमीन

मी रुख्माबाई, महादेवराव झाडे यांची विधवा, वय अडुसष्ट, मराठी दुसरी पास, राहणार पवनार, तालुका वर्धा. डोकं जाग्यावर हाय, कोणाची जबरदस्ती नाई. आपल्या हातानं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. लांबण लावत नाई.

१. घर माह्या नावाचं हाय. पुढच्या दोन खोल्या, अंगण अन् धाम नदीकडचं वावर पोरगा श्रीधर याले.

२. मागची मातीची खोली श्रीधरची पोरगी, माही नात नलू हिले. श्रीधरले तिथं कापूस भरायचा हाय अन् नलूचा नाच बंद करायचा हाय. म्हणे, "माय, लगन कोन करन तिच्याशी?" म्या म्हटलं, "जो करन तो तोट्यात नाई. गुडघे पाह्य तिचे."

३. कारण लिहिते. वर्ध्याले पोस्टातल्या कारकुनाची मद्रासी बायको नाच शिकवते. नलू मोटारीनं जाते. मागच्या साली पोरगी याच खोलीत गुडघे बाहेर काढून अर्धी बसलेली दिसली. ना उठे ना बसे. मले वाटलं, वात धरला. आठ दिवस तिळाचं तेल रगडलं. नवव्या दिवशी म्हणे, "आजी, दुखणं नोहे हे. नाचाची बैठक होय. समदं इथूनच निघते."

"मंग आठ दिवस काऊन बोलली नाई?"

"बरं वाटत होतं."

मंग मीच वर्ध्याले गेली. बाई काठीनं पाटावर ठोके दे, पोरी पाय आपटत, हात लांब करत. जे उजवीकडं तेच डावीकडं. आधी सावकाश, मंग दुप्पट, मंग चौपट. म्या विचारलं, "नाचातली गोष्ट कवा सुरू होते?" बाई म्हणे, "दोन वर्सं नाई." हे मले पटलं. घरी येऊन दाराले धरून तसंच अर्धं बसून पाह्यलं. दहा मोजले का मांड्या थरथरल्या. चाळीस वर्सं वाकून कापूस वेचला, पण पाठ ताठ ठेवून अर्धं बसणं काही औरच हाय. त्यातून एवढं समदं कसं निघते, अजून उमगलं नाई. पाहून राह्यली.

४. त्या खोलीत फरशी घालू नये. फरशीवर गुडघे जातात, असं बाई म्हणे. दर आठ दिवसांनी सारवावं. ते काम सून सुमतीचं.

५. दीर बंडूजी चारचौघांत बोलले, "वैनी, झाड्यायच्या घरी नाचणारीन पाहिजे होती का?" त्यायले काही नाई. तेरवीले जेवू घाला.

६. माह्या पायातल्या चांदीच्या तोरड्या विकून नलूले घुंगरू घ्यावे.

७. आजारी पडल्यापासून माही खाट त्याच खोलीत हाय. पाहाले मिळावं म्हणून मीच टाकून घेतली. पण खाटेनं जागा अडल्यानं नलूचा डावा हात भिंतीले लागते, म्हणून ती आखडून घेते. सांगत नाई, पण मले दिसते. मी गेली का मले अन् खाटेले संगंच बाहेर काढा. सुतक पाळायचं तेवढं पाळा. खाट परत आत नेऊ नका. हात पुरा लांब झाला पाहिजे.

वाचून पाह्यलं. खाडाखोड नाई.

सही: रुख्माबाई महादेवराव झाडे
साक्षीदार: पुंडलिकराव ठोंबरे, मंदाबाई भोयर
पवनार, ता. ९ फेब्रुवारी १९५८