पळसाले बांधलेली दोरी

३ मार्च, सोमवार

बीपीची गोळी घेतली. घेतली का नाही ते लिहीत जा, म्हणून नातीनं, स्वरदानं, ही वही देली. गोळी एवढीशी अन् वही एवढी मोठी, मंग बाकीचंही लिहिते. चौथी पास आहे मी.

आज पुरानी बस्तीतून नवा रायपुरले आली. स्वरदा इथं एकटी राहते अन् तिच्या हातचा भात म्हणजे चिकट लेई, कागद डकवाची. फ्लॅट झकास आहे. रस्ते इतके रुंद की पलीकडं पोचेपर्यंत माणूस काहून निघाला तेच विसरते. पण माणूस आहे कुठं? खिडकीखाली तळं आहे, त्याच्या पाळीवर फुललेला पळस. मी आल्या आल्या पळसापासून खांबापर्यंत दोरी बांधून लुगडं वाळत घातलं. गेटवरचा हिरालाल आला, म्हणाला, दाई, इहां मना हे. मी म्हणलं, मंग तू डोक्यावर घेऊन उभा राह्य, तिथं वाळवते. गेला आपल्या गेटावर.

५ मार्च

गोळी घेतली. स्वरदा काय काम करते ते आज समजलं. कम्प्यूटरात डोंगर, पाणी, झाडं उभी करते, अन् त्याचा सिनेमा होते. नव्या राजधानीची फिल्म आहे म्हणे, बड्या लोकाईले दाखवाची. आधी टेस्ट लावते. त्यातलं चित्र लहान, रव्यासारखं दाणेदार. उजेड बरोबर पडला का, पाणी हलते का, तेवढं पाहाचं. जमलं तं फायनल. मंग मशीन एकेक चित्र सावकाश शिजवते अन् दाणे जाऊन गुळगुळीत होते. मी म्हणलं, म्हणजे आधी एक चकली तळून पाहाची, मंग घाणा. पोट्टीले मराठी सारी समजते, जवाब मात्र हिंदीत. एकदम सही, आजी, म्हणे.

पाळीवरच्या पळसाचे तिनं चहूकडून फोटो काढले, अन् तसंच झाड आत उभं केलं.

मले चित्र उजाड वाटलं. माणूस नाही ते गाव कायचं? म्हणलं, मले टाक त्याच्यात. घरातल्या साऱ्या लग्नाच्या फोटोत मी पाठमोरी आहे, वाढताना. तिनं मले गोल फिरवून फोटो काढले. पाटली काढ म्हणे, चमकते. ती पाटली पहिल्या बाळंतपणापासून अडकली आहे, साबण लावूनही निघत नाही, सोनारानं हात टेकले. राहू दे म्हणलं.

८ मार्च

गोळी घेतली. काल पळसाची टेस्ट झाली. आज झाड पाह्यलं तं फुलं मळकट, सालीवर दाणे दाणे, जसा कोणी रवा उडवला. रोग पडला असंन. रस्त्याची धूळही काही कमी नाही.

स्वरदा खुश आहे. फायनल लावलं. प्लगले हात लावू नको म्हणे. मी काहून लावू.

११ मार्च

गोळी घेतली. पळस नाही.

कापला म्हणावं तं बुड नाही, खड्डा नाही, एक पाकळी नाही. दोरी खाली पडलेली. खांबाकडची गाठ जशीच्या तशी. पळसाकडचीही. सुटली नाही, तुटली नाही. फासाच्या मधात खोडाएवढं गोल रिकामं.

हिरालालले विचारलं. इहां रुख कब रिहिस, दाई, म्हणाला. इथं झाड कधी नव्हतंच म्हणे. मी म्हणलं, मंग लुगडं काय हवेले टांगलं होतं? वर पाहत राह्यला.

स्वरदाही तेच. पेड़ तो मैंने बनाया है, आजी, बाहर कहाँ था. मशीनमधी दाखवला. एकेक पाकळी जिवंत. खोडावर माझ्या दोरीचा वळ.

या राजधानीपायी इथं गावंच्या गावं उठली, कोणी काही विचारत नाही. एका झाडाले कोण पुसते.

१३ मार्च

गोळी घेतली असंन.

माझ्या चित्राची टेस्ट झाली. पोट्टीनं लाडानं दाखवली. मी पाळीवरून चालून राहिली, डावा पाय ओढत, चाल माझीच. अगदी शेवटी तिकडून एक पोरगी पळत येते अन् माझा हात धरते. ही कोण, विचारलं. मैं हूँ, और कौन, म्हणे. सरप्राईज.

माझ्या बोटांवर दाणे आहेत. धुतले. राखेनं घासले. जात नाहीत.

तिच्या गालावरही आहेत. पावडर म्हणे.

म्हणलं, काढ. मले राहू दे, तुले काढ. ओरडली मी. तिनं माझं बीपी मोजलं. वरच्या साहेबाले तोच सीन आवडला म्हणे.

१५ मार्च, सकाळ

मी अंघोळीत होती. तेवढ्यात फायनल लावून पोट्टी पंडरीच्या बाजारात गेली. माझ्यासाठी लुगडं घ्यायले.

मशीन सुरुवातीपासून शिजवते. आधी मी. ती शेवटी येते. म्हणजे वेळ आहे. मी गेली तं गेली, पिकलेलीच आहे. ती चित्रात येण्याआधी बंद कराचं.

बटन दाबाले गेली. बोट बटनाच्या आत गेलं. बटन दबलं नाही.

दुपार

वायर धरता येत नाही. दोरी आणावी म्हणलं — तीही हातात राहत नाही.

फोनवर नाक टेकवलं. लागला. पोरी, मशीन बंद कराले लाव कोणाले, म्हणलं. ती म्हणे, कौन बोल रहे हैं आप? मी, वनमाला, तुह्यी आजी — राँग नंबर, आंटी, म्हणाली. किती गोड बोलली —

खिडकीतून हिरालालले हाक मारली. त्यानं वर पाह्यलं. माझ्या आरपार.

पाटली पडली. साबण न लावता. अख्खी, गोल, फरशीवर —

पेन्सिल दातात धरली आहे —

उजेड किती. पायाखाली पाळ. पळस आहे इथं, चांगला फुललेला, वळ बुजला नाही त्याचा —

तिकडून पोट्टी येऊन राहिली. पळत. हात पुढं करून —

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. माघारी फिर म्हणलं. आजवर कधी ऐकलं का हिनं माझं —

हात देत नाही मी. नाहीच देत. शोधते माझा हात — हात नाही सापडला तं हसून पदर धरते —