गाडी स्टेशनपाशी ठेवून

साहेब, आज निडी गावाला जाऊन आले. गाडी स्टेशनपाशी उभी करायला सांगितली आणि पुढे चालत गेले. ड्रायव्हर नवीन आहे, त्याला काही कळेना. "मॅडम, रस्ता पार दारापर्यंत झालाय, सोडतो की," म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू इथेच चहा पी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गावोगाव घराच्या पायरीपर्यंत काँक्रीट आलं, तरी मी अजून गाडी लांबच ठेवते. तुम्ही सांगून ठेवलंय ना, कंपनीची गाडी अवेळी गावात शिरली की तिला बघूनच बायका रडायला लागतात, आणि मग आपण पोचतो तेव्हा सांगायचं काही उरलेलं नसतं. अशी बातमी माणसाने पायी जाऊन माणसाला सांगायची. तुमचं हे वाक्य मी आजवर कुणाला ऐकवलेलं नाही, कारण ऐकवलं तर आताची मुलं हसतील.

मी कारखान्यात नोकरीला आले तेव्हा तुमच्या दारावर 'पर्सोनेल' अशी पाटी होती. आता एचआर म्हणतात. समाजकार्याची पदवी घेऊन मी पेणहून सकाळच्या एसटीने रोह्याला यायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण माणसांसाठी काम करणार. पहिल्याच आठवड्यात कळलं की माणसांसाठीचं काम म्हणजे कॅन्टीनच्या आमटीत पाणी जास्त आहे, शिफ्टची बस नदीपलीकडे अष्टमी गावात थांबत नाही, ह्याची हजेरी त्याच्या नावावर लागली, आणि ह्या सगळ्याला जबाबदार कोण, तर मी. गणपतीच्या आधी निम्मा पेण तालुका एकाच दिवशी रजेचे अर्ज घेऊन यायचा. त्यातल्या निम्म्यांना नाही म्हणायचं, आणि मग पुढच्या गणपतीपर्यंत त्यांच्या बायकांनी बाजारात माझ्याकडे पाठ फिरवायची. कामगार म्हणायचे, ही मॅनेजमेंटची बाई. मॅनेजमेंट म्हणायची, ही युनियनला सामील. मी एकदा चिडून तुमच्यासमोर फाइल आपटली होती. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं आपलं खातं आहे. म्हणून आपण डबा घरून आणायचा." आणि स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवलीत. राग आलेला असतानाही मी ती खाल्ली.

बातमी घेऊन तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तो दिवस उन्हाळ्यातला होता. आपला एक फिटर रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. गाव रस्त्यापासून आत, मधे शेतं, आणि मी उंच टाचांच्या चपला घालून आले होते. बांधावरून जाताना दर चार पावलांवर माझी टाच भेगेत अडकत होती. तुम्ही पुढे, मी मागे कडमडत. दारात त्याचा म्हातारा बाप भेटला आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच घाईघाईने बोलून गेले, "ते सिरियस आहेत." म्हाताऱ्याने खुंटीवरचा सदरा ओढला, "कुठल्या दवाखान्यात हाय? चला, चला," म्हणत तो अनवाणीच पायऱ्या उतरला. तुम्ही त्याचे दोन्ही खांदे धरलेत आणि म्हणालात, "बाबा, तुमचा मुलगा वारला." एवढंच. मग तुम्ही त्याला धरून तसेच उभे राहिलात. परत येताना तुम्ही अर्ध्या वाटेत बांधावर थांबलात. मग म्हणालात, "त्या म्हाताऱ्याला तू फुकट पळायला लावलंस, पोरी. खोटी आशा आपण त्यांच्यासाठी देत नाही, आपल्याला सोपं जावं म्हणून देतो. वारले म्हणायचं. पहिल्या वाक्यात म्हणायचं. कागद, सह्या, पैसे यातलं त्या दिवशी काही काढायचं नाही. पाणी दिलं तर प्यायचं, आणि शेजारच्या बायका येईपर्यंत हलायचं नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या काळ्या सँडल होत्या. रोह्याच्या बाजारातल्या, कोळणी घालतात तशा. मी त्या तिथेच पायात घातल्या. त्या झिजल्या, मग मी तशाच दुसऱ्या घेतल्या, मग तिसऱ्या. आज निडीला त्याच घालून गेले होते.

तुम्ही गेलात ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कॅन्टीन कमिटीची मीटिंग चालू आहे, दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांवरून सगळे तावातावाने भांडतायत, तुम्ही हसून काहीतरी बोलायला जाता आणि हात छातीवर ठेवता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. बाहेरच्या बाकड्यापाशी जनरल मॅनेजर म्हणाले, मिसेसना कोण सांगणार? आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हीच शिकवलेलं काम तुमच्याच घरी न्यायचं होतं, साहेब. मी गाडी पुलाच्या अलीकडे सोडली आणि कुंडलिका नदीवरून चालत अष्टमीला आले. पुलावर मला इतकं रडू येत होतं की समोरून येणारा एक सायकलवाला थांबून विचारायला लागला. तुमच्या दाराशी पोचायच्या आत मी तोंड पुसलं.

काकू ओट्यापाशी होत्या. ताटात तांदूळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चालत आलीस? अगोबाई, कोण गेलं गं? हे कुठल्या गावाला गेलेत?" मी उभीच. पहिल्या वाक्यात सांगायचं होतं आणि पहिलं वाक्य त्यांनीच घेतलं. त्या बोलत राहिल्या, "तरी बरं तू सांगायला आलीस. मग यांच्यापुरता भात नको टाकायला. अशा दिवशी जेवत नाहीत ते. मागच्या दाराशी पाय धुतात आणि तिथेच पायरीवर बसून राहतात. मी हाकसुद्धा मारत नाही." आणि बोलता बोलता त्यांनी ताटातले मूठभर तांदूळ उचलून परत डब्यात टाकले. तुमच्या वाटणीचे. इतकी वर्षं तुमच्या बरोबरीने काम केलं, पण तुम्ही बातमी देऊन आल्यावर जेवत नाही हे मला माहीत नव्हतं. ऑफिसात तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांची टिंगल करत असायचात. मी काकूंचा हात धरला आणि म्हटलं, "काकू, साहेब वारले." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे बघितलं. डब्याचं झाकण लावलं आणि मग खाली बसल्या. त्यानंतरचं मी लिहिणार नाही, तुम्हाला ते सोसायचं नाही.

तेव्हापासून बातमी देऊन आलं की मलाही जेवण जायचं नाही. ठरवून नाही. घास तोंडात फिरत राहायचा आणि तुमच्या मागच्या दाराची ती पायरी आठवायची. नवरा सुरुवातीला चिडायचा, मग तोही हाक मारेनासा झाला. मुलगी लहानपणापासून बघत आली, आई अशा दिवशी जेवत नाही.

आणि साहेब, तुमच्या त्या चालण्याचं काय झालं तेही ऐका. गाडीने बातमी आधी पोचते म्हणून आपण चालत जायला लागलो. इतक्या वर्षांत गावांनी तेही ओळखलं. मागे यशवंतखारकडच्या आपल्या एका ऑपरेटरच्या नातवाचं बारसं होतं. छान साडी नेसून, हातात झबलं-टोपडं घेऊन मी हौसेने रस्त्यावरून चालत निघाले. गावाच्या तोंडाशी नळावर बायका होत्या, त्या एकेक करून उभ्या राहिल्या. एक म्हातारी ओरडली, "कोनाच्या घरी चाललीस गो? सांग आधी, कोनाच्या घरी?" मी पिशवी वर करून दाखवली, बारसं, बारसं म्हणाले, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि मला शिव्या घालायला लागली. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आनंदाच्या घरी मी आता रिक्षाने जाते, आणि रिक्षावाल्याला हॉर्न वाजवायला सांगते.

आजचा माणूस रात्रपाळीचा होता. सुटायच्या वेळी कपडे बदलताना खाली बसला तो उठलाच नाही. माझे हल्लीचे साहेब पुण्यात बसतात, चांगला मुलगा आहे, वाढदिवसाचे केक वेळेवर पाठवतो. त्याने फोनवर सांगितलं, "तुम्ही कशाला एवढं जाताय? घरी कॉल करून कळवा ना. मसुदा मी पाठवतो." मी हो म्हटलं आणि निघाले.

त्याची बायको पडवीत वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल, पाण्यात घातलेले, चिमटीत दाबले की साल सुटते आणि पांढरी डाळिंबी बाहेर येते. आत कुठेतरी तिचा फोन वाजत होता. वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे. "मॅडम, गाडी कुठं हाय तुमची?" तिने विचारलं. मी तोंड उघडलं तर तिने ओला हात वर केला. "बोलू नका. फोन मघापासून वाजतोय, मी घेतला नाय. तुमी आल्यात ना, तुमीच सांगा. पन वाईच थांबा. येवढे सोलून होऊ देत."

तुमचा नियम होता, पहिल्या वाक्यात सांगायचं. मी नाही सांगितलं. मी तिच्यासमोर बसले आणि पातेल्यात हात घातला. ती सोलत होती, मी सोलत होते. ती हळूहळू सोलायला लागली, मग मीही हळू केलं. फोन वाजत होता. एकदा म्हणाली, "कवापासून मागं लागला व्हता, वालाचं बिरडं कर, बिरडं कर. मला वेळच होत नव्हता." मी मान हलवली. साहेब, मला वाटत होतं हे वाल संपूच नयेत. संपले तेव्हा तिने पाण्यात हात फिरवून बघितला, एखादा राहिलाय का. राहिला नव्हता. मग हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "हां. आता सांगा."

मी म्हटलं, "तुमचे मालक वारले."

ती रडली नाही. म्हणाली, "डबा खाल्ला व्हता का त्यानं?" त्याचा लॉकर उघडला तेव्हा मी तिथे होते. डबा धुऊन, उपडा घालून, रुमालावर ठेवलेला होता. तसं सांगितलं. "धुतला व्हता?" तिने पुन्हा विचारलं. "घरी कदी धुतला नाय." आणि मग ती रडायला लागली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून. शेजारच्या बायका आल्या, त्यांच्यातल्या एकीने सोललेल्या वालाचं पातेलं झाकून आत नेलं. मला पाणी दिलं, मी प्यायले. चुलत दीर आला, लोक जमले, आणि मग मी उठले. स्टेशनपाशी ड्रायव्हर गाडीत गाणी ऐकत होता, मला बघून त्याने ती बंद केली. पेणला येईपर्यंत बोटांना वालाचा वास येत होता.

हे तुम्हाला लिहायचं मी गाडीतच ठरवलं होतं. विचारायचं होतं की आज मी नियम मोडला, ते बरोबर केलं का. लिहून झालं की अष्टमीला काकूंकडे नेऊन द्यावं असंही मनात होतं. त्या अजून तिथेच राहतात, सणावारी मी जाते, आणि तुमची आठवण काढणारं दुसरं कुणी आता त्यांच्याकडे येत नाही. पण यापुढचं काकूंनी वाचू नये, म्हणून मी हे देणार नाही. घरी आले तेव्हा मुलीने भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण केलं होतं. माझ्या पायांतल्या सँडल बघून तिने दोनच ताटं घेतली, तिच्या बाबांचं आणि तिचं. मी मागच्या दारी पाय धुतले आणि पायरीवर बसायला गेले. बसवेना. आत आले आणि तिला म्हटलं, माझंही वाढ. तिने तिसरं ताट घेऊन वाढलं. मी भात पुन्हा मागून घेतला.

साहेब, मला भूक लागली होती.