तिसरी लाथ

खामगाव, मंगळवार, जानेवारी १९६६

मी पायाळू. माझा पाय लागला की पाठीतली चमक जाते म्हणे. म्हणून सासूबाई दिवाळीत माझ्यापुढे पालथ्या पडल्या. एरवी माझ्या हातचं पाणीही त्यांना कडू लागतं. दोनदा पाय नुसता टेकवला. तिसऱ्यांदा बारा वर्षांचे टोमणे आठवले आणि मुद्दाम जोरात लाथ मारली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

त्या उठल्याच नाहीत. मणका मोडला होता.

आज नागपूरहून तपासणीचा कागद आला. हाडांच्या मगजाचा कॅन्सर, हाडं आतून पोखरलेली. डॉक्टर म्हणाले, "फार क्वचित होतो हा. माझ्या पाहण्यातला हा दुसराच पेशंट. गोळ्यांनी दबेल, पण मुळातून जाणार नाही." मग विचारलं, "पाठीवर मार बसला होता?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाई बा. बसल्या बसल्याच मोडलं."

काऊन खोटं बोलली ही बाई? तिसरी लाथ तिला कळली होती, नक्की कळली होती! संध्याकाळी गोळी माझ्याच हातून घेतली, माझ्याच हातचं पाणी प्याली. कडू आहे म्हणाली नाही.

एक सूड माझा होता. तोही हिनं हिसकावून घेतला.