पुढची खोली आणि दोन फोन

मी, वाल्मीक फकिरा गायधनी, वय ७१, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर व बँकेतील ठेव स्वकष्टार्जित असून ती पत्नी चंद्रभागा हिची. तिच्या पश्चात मुलगा दीपक याची. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली यातून वगळतो.

२. सायकल धाकटा भाऊ भिकन यास. "घरात चार शब्द बोलत नाय, अन् पोरांना काय बोलायला शिकवतो!" असं तो माझ्याबद्दल चारचौघांत म्हणाला होता. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सायकलला नुकतंच तेलपाणी केलं आहे.

३. पुढच्या खोलीत १९९६ पासून मी पदवीधर मुलांना नोकरीपुरतं बोलायला शिकवलं. ज्याला समोर बसून तोंड उघडवत नसे, त्याला स्वयंपाकघरात पाठवायचो. दोन खोल्यांत मी तारेने जोडलेले दोन फोन होते; तिथल्या फोनवरून तो पुढच्या खोलीतल्या माझ्याशी बोले. चंद्रभागा भाकरी थापता थापता ऐकायची, घाबरलेल्याला गूळ द्यायची. दर आठवड्याला त्याचा फोन मी हातभर माझ्याकडे सरकवायचो. शेवटी पोर माझ्यासमोर येऊन बसे आणि आम्ही फोन खाली ठेवायचो.

४. इगतपुरीकडची रोशनी हिरामण भांगरे, बी.एस्सी., २००१ साली आली. मुलाखत चार दिवसांवर होती. मी फोन बाजूला ठेवून तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, यायला किती वेळ लागला? तिने स्वतःचे गुण घडाघडा म्हणून दाखवले. साहेब हसले, नोकरी हुकली. वर मीच तिला "घाबरलीस" म्हणून बोललो. चूक माझी होती. पाच वर्षं हे माझ्या तोंडून निघालं नाही. पोरी, मला माफ कर. दुसऱ्या दिवशी तू न बोलावता येऊन स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसलीस, तेव्हा मला रडू आलं होतं.

५. आज ती सातपूरच्या एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते आणि रविवारी माझा वर्ग घेते. पुढची खोली व दोन्ही फोन तिला, वर्ग चालू ठेवण्यासाठी. दीपकची संमती आहे. तिचीच नाही. म्हणते, "सर, मला नाय जमायचं. माझं बोलणं अजून गावचंच हाय." अगं, येणारी पोरं तरी कुठली आहेत?

६. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे; तसं झाल्यास खोली दीपककडे जाईल. मात्र नकार चिठ्ठीने किंवा चंद्रभागेकरवी कळवू नये. रविवारी वर्गासमोर उभं राहून, हातात कागद न घेता, मुलांच्या डोळ्यांकडे बघत पाच मिनिटं सांगावा. आणि मुलांनी विचारलं तर, त्यांना आता कोण शिकवणार, याचंही उत्तर द्यावं.

सही: वा. फ. गायधनी
नाशिकरोड, १९ ऑगस्ट २००६

वरील सही आमच्यासमोर झाली:
१. वत्सलाबाई यादव ताजनपुरे, शेजारीण
२. मयूर दशरथ आढाव, माजी विद्यार्थी