ट्रक जसाच्या तसा

३ जानेवारी, रविवार

या वर्षी संकल्प एकच, पण भक्कम. बाबांचा ट्रक मूळ रूपात आणायचा. मूळ म्हणजे मूळ. फॅक्टरीतून बाहेर पडला त्या दिवशी होता तसा. मार्चअखेर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे आणि त्यात 'ओरिजिनल कंडिशन' असा खास गट आहे. पहिलं बक्षीस आपलंच. एवढी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह आसपास कुणाकडे नाही.

बाबा धरणाच्या कामावर सर्व्हेअर होते तेव्हा खात्याने त्यांना हाच ट्रक दिला होता. पुढे खात्याने विकायला काढला आणि बाबांनी घेऊन टाकला. तेव्हापासून आमच्या गेटच्या आत शेडखाली उभा आहे. बाबा अधूनमधून चालवत. हल्ली त्यांचा उजवा डोळा गेलाय आणि डावाही वर्षभरात जाईल असं डॉक्टर म्हणतात. त्यांना एकदा या ट्रकमधून धरणावर जायचंय, दिसतंय तोवर. मी शब्द दिला. मेळावा झाला की लगेच.

दुपारी ताई आणि दाजी आले होते. दाजींचं बसची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे, त्यामुळे त्यांना जगातल्या प्रत्येक गाडीची बस करावीशी वाटते. म्हणे पॉवर स्टीअरिंग टाकू, गुबगुबीत सीट टाकू, बाबांना पुढच्याच रविवारी फिरवून आणू. मी फक्त हसलो. वारसा म्हणजे काय हे समजायला घराणं लागतं. ताईचं लग्न ठरवताना घाईच झाली.

१० जानेवारी, रविवार

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन ट्रकमध्ये बसलेले सापडले. रोजच बसतात म्हणे. रेडिओ मांडीवर, पाय पसरून. मी शांतपणे समजावलं की सीटच्या स्प्रिंगा मूळच्या आहेत, रोज असं बसलं की स्प्रिंगा बसतील. बाबा कप घेऊन उतरले. सीटवर प्लास्टिक अंथरलं.

आता ते ट्रकसमोर खुर्ची टाकून बसतात. छान दिसतं. जुनी गाडी आणि जुना माणूस. फोटो काढला. प्लास्टिकची खुर्ची फ्रेममध्ये शोभेना म्हणून बाबांना थोडा वेळ उभं केलं.

१३ जानेवारी

ऑफिसात आज एका दुकानदाराचा क्लेम नाकारला. त्याचा पोटमाळा कोसळून माल गेला होता. मी विम्याचे कागद काढून दाखवले, पोटमाळा मूळ नकाशात नाही. नंतर बांधलेलं ते आमच्या लेखी नाहीच. तो माणूस टेबलासमोर रडायला लागला. साहेब माझ्यावर खूश. हेच तत्त्व ट्रकला लावायचं.

२४ जानेवारी, रविवार

तत्त्व लावलं. वेल्डरला बोलावून ट्रकची कसून तपासणी केली. फॅक्टरीत नव्हत्या अशा दोन गोष्टी सापडल्या. बसणाऱ्याच्या बाजूला दाराखाली एक जादा पायरी, आणि दाराशेजारच्या खांबावर धरायला एक लोखंडी दांडा. दोन्ही ओबडधोबड, वेल्डिंग तर एखाद्या शिकाऊने केल्यासारखं. जुन्या माहितीपुस्तकातल्या चित्रात दोन्हींचा पत्ता नाही.

बाबा म्हणाले, तो दांडा राहू दे. मी कारण विचारलं. ते म्हणाले, राहू दे म्हणतोय ना. याला काही तांत्रिक कारण म्हणत नाहीत. काढायला सांगितलं. ग्राइंडर सुरू झाल्यावर बाबा आत गेले आणि रेडिओ एवढा मोठा लावला की वेल्डरला माझ्या सूचना ऐकू येईनात. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, आपण समजून घ्यायचं असतं.

वेल्डिंगचे वण पुट्टीने बुजवले. पायरी आणि दांडा भंगारवाला घेऊन गेला. आता खांब कसा गुळगुळीत दिसतो.

७ फेब्रुवारी, रविवार

रंग खरवडतोय. वरचा हिरवा, त्याखाली राखाडी, त्याखाली आणखी एक हिरवा. मूळ हिरवा तोच. माझी नजर तयार आहे, बघताक्षणी ओळखला. ही म्हणते तो गंज आहे.

बाथरूममध्ये रंगाचे डबे ठेवले म्हणून हिची वेगळी कटकट. शिवाय बाबा रोज तिला विचारतात म्हणे, की धरणावर कधी जायचं. मला का विचारत नाहीत? डॉक्टरने डावा डोळाही उतरत चाललाय असं सांगितलंय, तर याच रविवारी नेऊन आणा, असं हिचं म्हणणं. हिला कोण समजावणार की ताज्या रंगावर खडी उडाली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि डोळे काही असे एका आठवड्यात जात नाहीत. हळूहळू जातात. तेवढी सवड मिळते.

१४ फेब्रुवारी, रविवार

दाजी आपली व्हॅन घेऊन बाबांना न्यायला आले होते. आगाऊपणा! बाबांनी स्वच्छ नकार दिला. जाईन तर ट्रकनेच, म्हणाले. मला भरून आलं. अखेर ओरिजिनलचं महत्त्व बाबांना पटलं तर. दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२८ फेब्रुवारी, रविवार

इंजिन साफ करायला उघडलं होतं, ते आज जोडलं. जोडून झाल्यावर थोडे सुटे भाग उरले. सुरू केलं तर खोकून बंद. परत खोकून बंद. शेजाऱ्यांनी ढकलून पाहिलं आणि एकेक करून घरी गेले. ही म्हणाली, तुम्ही हात लावायच्या आधी ट्रक पहिल्या चावीला सुरू व्हायचा. असेल. पण सुरू होणं वेगळं आणि ओरिजिनल असणं वेगळं. मेळाव्यात गाडी उभीच असते.

१४ मार्च, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. सविस्तर लिहितो.

मेळाव्याच्या अर्जासोबत फोटो लागतो. माझ्या डोक्यात कल्पना आली की बाबांनाच ट्रकमध्ये बसवून काढावा, परीक्षकांवर छाप पडेल. सकाळी बाबांना म्हटलं, आवरा, ट्रकमध्ये बसायचंय. एवढंच म्हटलं. धरणाचं नावही काढलं नव्हतं.

बाबा बाहेर आले ते बूट घालून, टोपी घालून, खांद्याला पाण्याची बाटली. इस्त्रीचा शर्ट. दाढी केलेली, गालाला कापलेलं. दिसत नाही तर हिला सांगायचं ना. म्हणाले, उन्हं चढायच्या आत निघू. मी म्हटलं, आधी बसा तर खरं.

दाराशी आले. पाय उचलून पायरी शोधायला लागले. पायरी नाही. हात वर केला, दांडा जिथे होता तिथे बरोबर नेला आणि मूठ मिटली. मुठीत काहीच आलं नाही. तरी हात तसाच वर. मी म्हटलं, बाबा, तो काढलाय ना. ते म्हणाले, हो, काढलाय नाही का.

मग मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. सगळं मलाच सुचतं. बाबा स्टुलावर चढले, स्टूल घसरलं, बाबा खाली बसले आणि जाता जाता बाटलीच्या बुचाने दारावर एवढा लांब चरा ओढला. आरपार, खालच्या पत्र्यापर्यंत! ताजा रंग! बाबांना विशेष काही नाही, गुडघा सोलवटला आणि मनगट सुजलंय. पण दाराचं काय करायचं ते कळेना.

ही धावत आली आणि मला वाट्टेल ते बोलली. शेजारी गॅलरीत उभे. बाबांनी जमिनीवर बसल्या बसल्या विचारलं, धरणावर जायचं नव्हतं का? मी म्हटलं, मेळावा झाला की. ते म्हणाले, बरं.

फोटो ट्रकचा एकट्याचाच पाठवला.

२८ मार्च, रविवार

मेळावा. ट्रक दुसऱ्या गाडीवर चढवून नेला, टायर खराब नकोत.

परीक्षक म्हणजे एक रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर, जाडजूड, सतत काहीतरी खाणारा. त्याने खांबावर नखाने टिचकी मारली आणि विचारलं, इथे काय होतं? मी अभिमानाने सांगितलं, एक दांडा, एक पायरी, फॅक्टरीचं नव्हतं, काढून टाकलं. तो खायचं थांबला. विचारलं, ट्रक खात्यात असताना लावलेलं होतं? असेल, म्हटलं. यावर तो जे काही बोलला त्याचा मथितार्थ असा, की गाडी कामावर असताना तिच्या अंगावर जे चढलं तेच तर तिचं मूळ. त्यालाच मार्क असतात. आणि ते कापून टाकणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. मग साहाय्यकाला हाक मारून म्हणाला, ये, हे बघून घे. साहाय्यकाने बघितलं. आणखी दोघातिघांनी बघितलं.

पहिला नंबर एका पोचे पडलेल्या ट्रकला. त्यात अजून कोंबड्यांची पिसं होती. मला सहभागाचं प्रमाणपत्र, त्यावर नाव चुकलेलं. सगळं आधीच ठरलेलं असतं.

४ एप्रिल, रविवार

परीक्षकाला काडीची अक्कल नाही हे आज जेवताना सगळ्यांना समजावून सांगत होतो. ताई-दाजीही होते. बाबा इतके दिवस त्या दांड्याच्या कारणाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते, ते आज बोलले. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"तुझी आई नऊ महिन्यांची होती. साइटवर कळा सुरू झाल्या. दवाखाना धरणाच्या पलीकडे, आणि तिला ट्रकमध्ये चढता येईना. ती खाली खडीवर बसली होती आणि मी तिथेच पायरी जोडली, दांडा जोडला. मला वेल्डिंग कुठे येत होतं? हात भाजले. पण तो दांडा धरून ती चढली. तू दवाखान्यात जन्मलास तो त्यामुळे. पुढे ती होती तोवर तोच धरून चढायची."

ताईने ताट सारलं. दाजींनी बाबांच्या पेल्यात पाणी ओतलं.

मी नीट विचार केला. म्हणजे दांडा बाबांनी स्वतः लावला. फॅक्टरीतला नव्हताच, हे त्यांनीच कबूल केलं. मुद्दा माझाच बरोबर होता. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर ही म्हणाली, त्या हिशेबाने तुम्हीही नंतरच जोडलेले, तुम्हालाही कापून भंगारात द्यायला हवं. बाबा हसले. किती दिवसांनी हसले.

११ एप्रिल, रविवार

दाजींची माणसं ट्रक वर्कशॉपला ओढून न्यायला आली. मी गेटमध्ये आडवा उभा राहिलो. वारसा, जबाबदारी, पुढची पिढी, सगळं बोललो. बाबा म्हणाले, गाडी माझ्या नावावर आहे, बाजूला हो. बाजूला झालो. मोठ्यांचा मान ठेवावा लागतो.

२५ एप्रिल, रविवार

डॉक्टरकडे मीच नेलं होतं. डावाही गेला. उजेड कळतो, बाकी काही नाही. येताना रिक्षात मी बाबांना धीर दिला. म्हटलं, चला, म्हणजे आता धरणावर जायची घाई उरली नाही, ट्रकचं सावकाश ठरवता येईल.

बाबा म्हणाले, "धरण दिसलं नाही तरी चढ कळेल."

मी रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं.

२ मे, रविवार

ट्रक परत आला. बघवत नाही. पॉवर स्टीअरिंग. बसमधल्या फोमच्या पाच सीटा. दाराखाली ही एवढी रुंद पायरी, वर रबर. आणि खांबावर, मी गुळगुळीत केलेल्या त्याच जागी, बसमधला पिवळा दांडा. हॉर्न तर असा की शेजारचं बाळ उठलं. पहिल्या चावीला सुरू होतो, हे मान्य.

बाबा दाराशी गेले, हात वर केला, दांडा सापडला. धरून उभे राहिले बराच वेळ. ताई उगाच रडत होती. मी दाजींना सांगितलं की पिवळा रंग चुकीचा आहे.

९ मे, रविवार

आज धरणावर जायचं ठरलं होतं. झालं गेलं मी मनात ठेवत नाही. लवकर उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट, बूट, टोपी, पाण्याची बाटली. माणसं चार आणि सीटा पाच, म्हणजे एक माझीच.

बाबा पुढे बसले होते. ताई मागे, शेजारी ही. मी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि अलगद वर. सोय चांगली आहे, लिहायला हरकत नाही. बाबांनी मान वळवली. कोण चढलं, विचारलं. मी म्हटलं, मी.

"उतर," बाबा म्हणाले. "स्प्रिंगा बसतील."

मी सांगितलं की बाबा, आता फोम आहे, स्प्रिंगा नाहीतच. हे अगदी खरं आहे. पण कुणी माझी बाजू घेतली नाही. ही खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी उतरलो, तर दाजींनी माझ्या सीटवर जेवणाच्या डब्यांची पिशवी ठेवली आणि तिला पट्टा लावला. बाबा म्हणाले, गेट धर. मी धरलं.

गेले. वळणानंतर चढ आहे, तिथे दाजींनी खालचा गिअर टाकला तो मला गेटपर्यंत ऐकू आला. बाबांनाही कळला असेल.

दिवसभर घरात कुणी नाही. स्टुलाचा पाय ढिला झालाय, तो दुरुस्त करायचा होता, राहिला. संध्याकाळी बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसलो. समोर शेड रिकामी, खाली फक्त तेलाचा डाग. कितीतरी वर्षांचा आहे. ओरिजिनल. हा मात्र कुणाला पुसू देणार नाही.