शेवटचा बोअर

३ डिसेंबर १९५७, सिंदेवाही
फटफटी परत आली. सिलिंडर नागपूरहून बोअर करून, आतून घासून रुंद करून, आणला होता. नवा पिस्टन, नव्या रिंगा. बसवलं सगळं गफूर मिस्त्रींनी. इथल्या भातगिरणीचं इंजिनही तेच सांभाळतात. चावी देता देता हात मागे घेतला. "डाक्टरसाब, हा शेवटचा बोअर हाय. याच्यापुढं घासाले लोखंडच नाई उरलं. आता अडकली त सीधी भंगारात."
नियम सांगितले: पाचशे मैल वीसच्या वर जायचं नाही. दर पाच मैलांना थांबून गार होऊ द्यायची. गॅलनला अर्धा पाइंट मोबिल ऑइल, पेट्रोलमध्येच, मापून. "अंदाजानं नाई," हे दोनदा.
मी गुरांच्या दवाखान्यातला साधा स्टॉकमन. लोक डॉक्टर म्हणतात, मीही दुरुस्त करत नाही. पण मिस्त्रींपुढे आज आजारी पोराच्या बापासारखा उभा होतो.

५ डिसें.
मीटर १७. बाजारापर्यंत जाऊन आलो. बैलांची एक रिकामी खासर मागून आली आणि पुढे निघून गेली. गाडीवानाने वर हात हलवला. हिने अंगणातून पाहिलं. "वरातीत तरी बरे जोरात आला होता," म्हणाली.
हसू दे. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पितो आहे.

९ डिसें.
एकूण ६८. पाच मैलांवर उतरून करायचं काय, हा प्रश्न होता. आता बसून ऐकतो. गार होताना लोखंड टिक टिक करतं, मग टिकटिक विरळ होते, मग थांबते. पंधरा मिनिटं लागतात. इतकी वर्षं हा रस्ता नुसता मागे टाकला, पाहिला नव्हता.
लोकांना आपणच सांगतो, नवा गोऱ्हा एकदम वखराला जुंपू नका, आधी रिकामं जू द्या, महिनाभर नुसतं फिरवा. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत? तिथे अक्कल गहाण.

१२ डिसें.
एकूण १२१. एप्रिलचं लिहायचं टाळतो आहे. लिहून टाकतो.
कोसमटोल्यात गुरांची बुळकांडी शिरली होती. लस बर्फात घेऊन निघालो. मोबिलची बाटली तळाला गेलेली. एकदा चालेल म्हटलं, होतं तेवढं ओतलं. एकोणीस मैलांवर इंजिन अडकलं. उरलेले पंधरा मैल पायी, त्या उन्हात. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. लस फेकायला हवी होती. लोक सकाळपासून गुरं बांधून वाट बघत बसले होते. मला तोंड उघडवेना. टोचली.
सोमाजी मडावीची बैलजोडी आठव्या दिवशी मेली. गावात एकूण अकरा जनावरं. सुईनेच मेली असं गाव समजतं. कागदावर मी "लस दिली" एवढंच लिहिलं. खोटं नाही. पण खरंही नाही.

१६ डिसें.
एकूण १९३. कोसमटोल्याच्या पलीकडच्या गावात पुन्हा रोग. तो कोसमटोल्यात शिरायच्या आत टोचायला हवं. लस मागवली. मिस्त्रींना विचारलं, जाऊ का? "जा. पण वीस."

१९ डिसें., कोसमटोला
लसीची पेटी सकाळच्या आगगाडीने आली. मोबिल दोनदा मापलं. चौतीस मैलांत सहा वेळा थांबलो. बर्फ शाबूत.
गावात कोणी गुरं बांधली नव्हती. सोमाजी ओट्यावर बसून दोर वळत होता. उठला नाही. "पुन्हा सुई आनली का?"
मग सांगून टाकलं, चार माणसांसमोरच. गाडीला तेल कमी घातलं, म्हणून ती अडकली, म्हणून उशीर झाला, बर्फ विरघळला, लस मेली, आणि हे माहीत असून मी टोचली. मार खायची तयारी ठेवली होती.
सोमाजी दोर वळता वळता म्हणाला, "म्हंजे गाडी उपाशी होती."
"मी उपाशी ठेवली."
"आन् हे तुमी काऊन सांगून राह्यले आता?"
सोमाजीने दोर खाली ठेवला. तो गोठ्यात गेला. पोळ्यानंतर घेतलेली नवी जोडी आहे. त्यातला एक गोऱ्हा घेऊन आला. "याले टोचा. दुसरा राहू द्या. पाहू आपन."
त्याच्या मागून बाकीच्यांनीही आणली. बावीस जनावरं. लस उरली ती उद्या पुढच्या टोल्यावरच्या वस्तीत, नऊ मैल. मुक्काम सोमाजीकडेच. भात, अंबाडीची भाजी.

२० डिसें.
कडाक्याची थंडी. निघताना सोमाजी फटफटीजवळ उभा, हात तेलकट. "आता नाई अडकत," म्हणाला. मी मान डोलावली. अर्थ नंतर कळला.
मैलभर गेल्यावर गाडी गुदमरली, बंद. कार्ब्युरेटर उघडला. जेटमध्ये पांढरं मेणासारखं. वास घेतला. टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं, घरोघरी दिव्याला आणि फोडणीला असतं ते. थंडीत तुपासारखं थिजतं. पहाटे उठून त्याने टाकीत ओतलं होतं. काल मीच सांगितलं ना, तेल कमी पडलं म्हणून.
राग यावा तर कुणाचा? रस्त्याच्या कडेला बसून एकटाच हसलो, मग डोळे भरून आले. वर्षाचं तेल असतं ते त्या घरचं.
दुसरं पेट्रोल नाही. बर्फ सुपारीएवढा. बांबू तोडणाऱ्यांची शेकोटी दूर दिसली. तिथून डब्यात गरम पाणी आणलं, जेट धुतला, फुंकला, कार्ब्युरेटरला गरम फडकं गुंडाळलं. सुरू झाली. वीसवर मात्र गाडी पुन्हा गचके खाई. जोरात गरम धावली तरच तेल पातळ राही. मिस्त्रींची मनातल्या मनात माफी मागून अॅक्सिलरेटरचा कान पिळला. तीस, पस्तीस. मागे धूर, आणि कढईत काहीतरी तळत असल्याचा वास. एकदाही थांबलो नाही.
बर्फ सुपारीचा हरभरा झाला होता. पण थंड होता. सतरा जनावरं टोचली.

२१ डिसें., सिंदेवाही
एकूण २७९. परत येताना चढावर बारीक कर्रर ऐकू येत होतं. की भास. मिस्त्रींनी सायलेन्सर हुंगला. "पकोडे तळले का याच्यात?" सगळं सांगितलं. हसले नाहीत. गाडी आत घेतली.

२७ डिसें.
हेड उघडलं. रिंगा गोंद लागल्यासारख्या चिकटलेल्या. सिलिंडरवर एक उभा ओरखडा. मिस्त्री त्यावर नखाने चाचपत राहिले; नख अडकलं तर सिलिंडर बाद. "नख अटकते बी, अन् नाई बी." साफ करून बसवून पाहणार.
कोसमटोल्याची काहीच बातमी नाही. आज आठवा दिवस.

२ जानेवारी १९५८
दुपारी सोमाजी दारात. दोन दिवस चालून आला. मला आधी त्याचा चेहराच बघवेना.
"गोऱ्हा दोन दिवस तापला. आता खाऊन राह्यला." मग थांबून, "पल्याडच्या गावात गाई मेल्या. दुसऱ्याले टोचा लागते, डाक्टर. तुमी या. पायी नोका येऊ, गाडीनंच या."
हिने त्याला जेवायला वाढलं. जाताना त्याने खांद्यावरची पिशवी उघडली. टोरीच्या तेलाची बाटली, तोंडाला पळसाच्या पानाचा बोळा. "गाडीसाठी."
"हे तिला चालत नाही," एवढंच सांगायचं होतं. एकदा खरं बोललो तर टाकीत तेल आलं. या वेळी खरं बोललो तर हा माणूस बाटली परत घेऊन दोन दिवस चालत जाईल. बाटली दोन्ही हातांनी घेतली.
"गाडी बरी हाय ना?"
"बरी आहे," म्हणालो.
लस उद्या सकाळच्या आगगाडीने येते. मिस्त्री म्हणतात, उद्याच किक मारून पाहू. बर्फ जेमतेम दीड दिवस टिकतो, कोसमटोला पायी दोन दिवस.
बाटली खिडकीत ठेवली आहे. तेल थिजून पांढरं झालं आहे.